अठरा मिनिटांचे मत

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी क्लास सुटले की मुलांच्या घोळक्यांत एकच हिशेब चाललेला असतो: किती सोडवले, किती चुकले, उणे गुण धरून किती पडतील. इथल्या पोरांचा हात गोल काळे करायला बसलेला आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात सराव परीक्षांची जी शिस्त रुजली, तिला पुढे सगळा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागला. वाघमारे नंतर नांदेडला १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पॅटर्न मात्र लातुरातच राहिला आणि वैद्यकीय प्रवेशाच्या बहुपर्यायी परीक्षेत त्याने चांगलेच नाव काढले. चार पर्याय, त्यातला एक बरोबर. तपासणारे यंत्र. तपासनीसाचा मूड, चष्मा, जेवणाची वेळ यांचा त्यात काही संबंध नाही.

अशा मुलखात २०२२ मध्ये बातमी आली की महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार. एकूण १७५० गुणांचे लेखी पेपर, त्यातला २५० गुणांचा एक पेपर नुसत्या निबंधाचा. पुण्यात मुले रस्त्यावर बसली. त्यांची मागणी एवढीच होती की तयारीला वेळ द्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचे जाहीर केले. वेळ मिळाला. पण लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये चहाच्या कपावर जो प्रश्न विचारला जातो, तो वेळेने सुटणारा नाही. घड्याळ लावून लिहिलेले मत तपासायचे कसे, आणि तपासणारा बदलला की गुण बदलले तर दाद कुठे मागायची?

हा प्रश्न दोन माणसांच्या तोंडून ऐकलेला बरा. हे दोघे कुणी ठरावीक व्यक्ती नाहीत. लातूर विभागीय मंडळाच्या हद्दीत, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये ते भेटतील. एक नांदेडचे सर, निवृत्तीला टेकलेले, आयुष्यभर दहावीला मराठी शिकवलेले. दुसऱ्या लातूरच्या मॅडम, वयाने निम्म्या, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासून देणाऱ्या. समजा, लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत ते शेजारी बसले आहेत आणि चाकूर यायच्या आतच मॅडमनी पिशवीतून एका सराव निबंधाची झेरॉक्स काढली आहे. नाव झाकलेले.

निबंध दहावीच्या धर्तीचा आहे. मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात लेखनकौशल्याला ८ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक, तिन्हींपैकी एक लिहायचे. तीन तासांना ८० गुण, तर ८ गुणांच्या वाट्याला अठरा मिनिटे येतात. मंडळाने २०२३ पासून शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली, ती बहुतेक सुटलेल्या व्याकरणात जातात. या मुलाने वैचारिक निवडले आहे. विषय, ‘पाणीटंचाई: निसर्गाची अवकृपा की माणसाची चूक?’

मुलगा सुरुवातीला ठामपणे निसर्गाला दोषी धरतो. पाऊसच नाही तर माणूस काय करणार, वगैरे. मग २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आले होते हे त्याला आठवते. ‘सोलापूरहून गाडी आलती’ असे तो लिहितो. मग त्याच ओघात लिहितो की त्या साली आमच्या काकाचा ऊस मात्र हिरवा होता, कारण त्यांची बोअर चालू होती. इथे त्याचे पेन अडखळलेले दिसते, दोन शब्द खोडले आहेत. आणि शेवटच्या परिच्छेदात तो म्हणतो की चूक माणसाचीच आहे, निसर्ग हे निमित्त.

सरांनी आठपैकी सात दिले. मॅडमनी पाच.

आठात दोनचा फरक किरकोळ वाटतो. पण हेच प्रमाण अडीचशेच्या पेपरात धरले तर अंतर साठच्या वर जाते, आणि राज्यसेवेत एकेका गुणावर पद हुकते.

“सात कशाचे दिले, सर?” मॅडमनी विचारले. “फोड सांगा.”

“फोड कशाची सांगू? वाचलं की कळतं की हो. पोरगं विचार करतंय. एवढ्या वर्षांत इतके निबंध वाचले, दोन ओळींत अंदाज येतो.”

“अंदाज येतो, हीच तर भीती. बी.एड.ला स्टार्च आणि इलियट वाचले होते ना?”

वाचले होते. मूल्यमापनाच्या पाठ्यपुस्तकात ही जोडी हमखास भेटते. १९१२ साली या दोन अमेरिकनांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांत पाठवली. १४२ शिक्षकांनी तपासून परत पाठवली, आणि त्याच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले होते. प्रत्येकाला दोन ओळींत अंदाज आला असणार.

मॅडमकडे याहून मोठा दाखला होता. १९६१ मध्ये डीडरिख, फ्रेंच आणि कार्लटन या तिघांनी विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांपुढे ठेवले. वाचकांत भाषेचे शिक्षक होते, विज्ञानाचे होते, लेखक-संपादक होते, वकील आणि व्यापारी कंपन्यांतले अधिकारीही होते. कसोटी कसलीच सांगितली नाही. बऱ्या-वाईटानुसार नऊ गठ्ठे करा, एवढेच. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की प्रत्येकाला एकपासून नऊपर्यंत सगळ्या श्रेणी मिळाल्या होत्या. एकही निबंध असा नव्हता की ज्याला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी पडल्या. पण या अभ्यासातला खरा ऐवज पुढे आहे. त्यांनी वाचकांचे शेरे चाळले तेव्हा दिसले की हे लोक बेफिकीर नव्हते. कुणी कल्पना पाहत होता, कुणी मांडणी, कुणी शुद्धलेखन, कुणी शब्दांची निवड, कुणी लिहिणाऱ्याचा स्वभाव. प्रत्येक जण आपापल्या जागी प्रामाणिक होता आणि तपासत मात्र वेगळीच गोष्ट होता.

“म्हणून मी तक्ता केलाय,” मॅडम म्हणाल्या. “मुद्दे तीन, मांडणी दोन, भाषा दोन, उदाहरण एक. हा माझा आहे, मंडळाचा नाही. यात या मुलाला मुद्द्यांचे दोन, मांडणीचा एक, भाषेचा दीड, उदाहरणाचा अर्धा. झाले पाच. उद्या दुसऱ्या कुणी तपासला तरी साडेचार-साडेपाचच्या आसपास येईल.”

सर हसले. “स्टार्च-इलियटचं पुढचं पान उलटलं नाही वाटतं तुम्ही. पुढच्या साली त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली होती. भूमितीला तुमच्यासारखेच तक्ते असतात, आकृतीला इतके, सिद्धतेला इतके. तिथं २८ ते ९५ पडले. इंग्रजीपेक्षा जास्त फरक.”

हे खरे आहे आणि मॅडमना ते ठाऊक होते. क्षणभर त्या गप्प बसल्या ते काय उत्तर द्यावे याचा विचार करत. गणित म्हणजे वस्तुनिष्ठ आणि निबंध म्हणजे लहरीवर, अशी जी समजूत लातूरच्या क्लासच्या भिंतींवर न लिहिताच लिहिलेली असते, तिला खोडायला भूमितीची ती एक उत्तरपत्रिका पुरेशी आहे. तपासणाऱ्यांनी आधी एकमेकांशी बोलून काही ठरवले नसेल, तर विषय कुठलाही असो, गुण विखुरतात.

“आणि दुसरं,” सर पुढे म्हणाले, “तुमच्या तक्त्यानं सगळ्यांचे गुण सारखे येतील हे मान्य. पण सारखे आले म्हणजे बरोबर आले का?”

इथे सरांनी अमेरिकेचेच दुसरे उदाहरण काढले, आणि ते आपल्या विषयाला जास्त जवळचे आहे. तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेत २००५ च्या मार्चपासून पंचवीस मिनिटांचा निबंध सक्तीचा झाला. एक विधान द्यायचे आणि त्यावर मुलाने बाजू घेऊन लिहायचे. व्यवस्था चोख होती: दोन परीक्षक, प्रत्येकाने सहापैकी गुण द्यायचे, दोघांत एकाहून जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे. एमआयटीत लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध पाहिले, तर लांबी आणि गुण यांचे इतके घट्ट नाते निघाले की दुरून नुसता मजकुराचा आकार बघून श्रेणी सांगता यावी. परीक्षकांचे एकमत होते, पण ते भरलेल्या पानावर होते. २०१६ पासून तो निबंध ऐच्छिक केला आणि २०२१ मध्ये बंदच केला.

“आपल्याकडं पान भरायला काय लागतं ते तुम्हाला सांगायला नको,” सर म्हणाले. “मराठवाड्यावरचा विषय आला की पहिलं वाक्य मुक्तिसंग्रामाचं, १७ सप्टेंबर १९४८. दुसऱ्यात स्वामी रामानंद तीर्थ. विषय रस्त्याचा असो, नाहीतर मोबाईलचा. मधे गांधीजी, शेवटी बाबासाहेब. तुमच्या तक्त्यात ‘समर्पक उदाहरण’ म्हणून एक गुण पक्का.”

“तो एक गुण मी देत नाही.”

“तुम्ही देत नाही. पण तक्ता देतो.”

यावर मॅडमनी वाद घातला नाही. पाठ केलेली सुरुवात ही स्पर्धा परीक्षेच्या निबंधाला लागलेली कीडच आहे, आणि ती जितक्या ठळकपणे लातूर पॅटर्नच्या मुलखात दिसते तितकी क्वचित दुसरीकडे दिसत असेल. ज्या शिस्तीने हजारो मुलांना डॉक्टर केले तीच शिस्त निबंधात आली की तयार साच्यांची वही होते. गुणदानाचा तक्ता जेवढा उघड आणि बारीक, तेवढा त्याच्या मापाचा साचा करणे सोपे. तरीही तक्ता लपवून ठेवणे हा काही उपाय नव्हे. ज्याला क्लास परवडतो त्याला तो कळेलच. किनवटच्या आश्रमशाळेतल्या पोराला तेवढा कळणार नाही.

खरी ठिणगी पडली ती मांडणीच्या एका गुणावरून.

“सुरुवातीला निसर्ग, शेवटी माणूस,” मॅडम म्हणाल्या. “वैचारिक लेखनात भूमिका एक असावी लागते. हा मुलगा स्वतःलाच खोडतो.”

“तो स्वतःला खोडत नाही, स्वतःला पटवतो! काकाचा ऊस आठवला आणि पोराच्या लक्षात आलं. अठरा मिनिटांत एका माणसाचं मत बदललं, तेही पुराव्यानं. विधानसभेत तीन तीन तास भाषणं चालतात, कुणाचं बदलतं का?”

“सर, बदललेलं मत मला आवडलं. पण वाचणाऱ्याला ते शेवटी कळतं. पहिले दोन परिच्छेद फुकट गेले.”

“घरी लिहून आणायचा निबंध असता तर मीही म्हटलं असतं, पहिले दोन फाड आणि पुन्हा लिही. इथं पुन्हा लिहायला कुठं वेळ दिलाय आपण?”

या ठिकाणी लेखाचे पारडे सरांच्या बाजूने झुकते, आणि तसे ते झुकू द्यावे. घड्याळ लावून लिहून घेतलेला निबंध हा कच्चा खर्डा असतो. परीक्षा घेणाऱ्यानेच तो कच्चा राहील अशी तजवीज केलेली असते. मग पक्क्या मजकुराच्या कसोट्या लावून त्याचे गुण कापणे म्हणजे धावायला सांगून घाम आला म्हणून दंड करणे. वेळेच्या बंधनात एक गोष्ट नीट दिसू शकते: समोर आलेल्या दाव्याला मुलगा कारण शोधतो की नाही, आणि सापडलेले कारण दाव्याच्या विरुद्ध गेले तर त्याचे काय करतो. या मुलाने ते झाकून न ठेवता कागदावर केले. साच्यातला मुलगा ते कधीच करणार नाही, कारण त्याचा शेवट घरूनच लिहून आलेला असतो.

मात्र उदाहरणाच्या बाबतीत सर अडचणीत आले. लातूरची ती रेल्वे सोलापूरहून आली नव्हती. मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून पाणी भरून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मुलगा तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल.

“मिरज काय नि सोलापूर काय,” सर म्हणाले. “परीक्षेत बघायला पुस्तक नसतं.”

“असं म्हणता म्हणता सॅटवाले कुठं गेले ते तुम्हीच सांगितलंत. तिथं परीक्षकांना सांगितलंच होतं की तथ्यांच्या चुका मोजू नका. मग मुलं काहीही ठोकून द्यायला लागली तरी गुण पडायचे. उद्या हाच मुलगा तहसीलदार झाला आणि टँकर कुठून येतो ते चुकीचं लिहिलं तर?”

सरांना लगेच उत्तर सुचेना. मग त्यांनीच एक भेद काढला, आणि तो बरा आहे. चूक दुरुस्त केली तर युक्तिवाद उभा राहतो का ते बघायचे. सोलापूरच्या जागी मिरज लिहिले तरी मुलाच्या म्हणण्याला धक्का लागत नाही. गाडी शेकडो किलोमीटरवरून आली आणि इकडे ऊस हिरवा होता, एवढ्यावरच त्याचे म्हणणे उभे आहे. पण कुणी लिहिले असते की उसाला ज्वारीएवढेच पाणी लागते, तर ती चूक काढताच सगळा डोलारा बसला असता. पहिल्या चुकीला अर्धा गुण, दुसरीला दोन. मॅडमनी हे वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतले, म्हणजे तक्त्यात आणखी एक ओळ वाढणार.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा विषय ‘आलती’वर आला होता. मॅडमनी त्याबद्दल अर्धा गुण कापला होता.

नांदेड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर हा अर्धा गुण भारी पडतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून. कित्येक घरांत तेलुगू. नांदेड शहरात दखनी उर्दू, किनवट-माहूरकडे तांड्यांवर गोरमाटी. लातूर जिल्ह्यात उदगीर-निलंग्याकडे कन्नडची हद्द. या मुलांची प्रमाण मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा आहे, आणि ज्यांची मराठी घरची आहे तेही घरी ‘आलती-गेलती’च बोलतात. घाई झाली की घरचे रूप आधी कागदावर उतरते. निवांत लिहिताना हाच मुलगा ‘आली होती’ लिहील.

“म्हणजे शुद्ध लिहायचंच नाही?” असे मॅडमनी विचारले नाही, उलट त्याच म्हणाल्या, “राज्यसेवेत तर हा गुण कापूच नये. तिथं मराठी आणि इंग्रजीचे वेगळे पेपर आहेत, तेही फक्त पात्रतेपुरते. भाषा एकदा तिथं तपासली. निबंधात परत तीच कापली तर एकाच चुकीला दोनदा शिक्षा.”

नवल म्हणजे सरांना हे पटले नाही. मराठीच्या शिक्षकाला पटणारही नाही. त्यांचे म्हणणे, वाक्य जिथे अर्थ सांडते तिथे कापावेच. ‘कारण’ लिहून पुढे कारणच न देणारी वाक्ये ही भाषेची नव्हे, विचाराची चूक असते. ‘आलती’ला मात्र सोडा. इथे दोघेही एकमेकांच्या जागेवरून थोडे सरकले होते आणि ते दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

हस्ताक्षराचा विषय पाच मिनिटांत आटपला. सुंदर अक्षराला नकळत जास्त गुण जातात हे दोघांनाही मान्य. उपाय कुणाकडेच नाही.

मग यंत्रणेचे काय? मंडळात परीक्षकावर नियामक आणि नियामकावर मुख्य नियामक असतो. बारकोडमुळे उत्तरपत्रिका कुणाची ते कळत नाही. निकालानंतर छायाप्रत मागता येते आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. ही रचना बेरीज आणि सुटलेला प्रश्न पकडायला चांगली आहे. पण पहिल्याने लाल शाईत पाच लिहिलेल्या पानावर दुसऱ्याची नजर पडली की तीही पाचाच्या आसपासच घोटाळते. स्वतंत्र दुसरे मत त्याला म्हणता येत नाही. दुसऱ्या वाचकाला पहिल्याचे गुण दिसताच कामा नयेत.

त्याहून अवघड प्रकार इंग्लंडात हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये दाखवला होता. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय फिरवला.

“म्हणजे माझ्या एवढ्या वर्षांच्या अनुभवाला एका उन्हाळ्याची हमी नाही,” सर म्हणाले. हे त्यांनी गमतीत म्हटले, पण पुढे बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले.

मॅडमचा प्रस्ताव असा होता: तपासणी सुरू करण्याआधी दहा निबंध सगळ्यांनी वेगवेगळे तपासायचे, गुण फळ्यावर लिहायचे, आणि जिथे फरक पडेल तिथे भांडून घ्यायचे. सात कशाला म्हणायचे याचा एक खरा निबंध समोर असला की तक्त्यातल्या ‘चांगली मांडणी’ या शब्दांना अर्थ येतो. सरांनी त्याला एक जोड दिली. आठपैकी किती हे सांगणे माणसाला जड जाते. दोन निबंध शेजारी ठेवून यातला सरस कोणता हे सांगणे सोपे. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ मध्येच हे गणितात बसवले होते: पुष्कळ जणांनी पुष्कळ जोड्यांचा निवाडा केला की सगळ्यांचा एक क्रम तयार होतो. हे लाखो उत्तरपत्रिकांना परवडेल का, हा वेगळा भाग. एका तालुक्याच्या सराव परीक्षेला नक्की परवडेल.

लोहा मागे पडले तेव्हा दोघांनी त्या निबंधाला पुन्हा गुण दिले, एकमेकांना न दाखवता. मॅडमचे साडेपाच झाले. ‘आलती’चा अर्धा परत केला. सरांचे साडेसहा, सोलापूरचा अर्धा कापला. एक गुणाचे अंतर उरलेच, आणि ते सगळे मांडणीत होते. सर म्हणाले, बदललेल्या मताला दोनपैकी दोन. मॅडम म्हणाल्या, एक. मत बदलल्याचे वाचकाला एका वाक्यात सांगितले असते तर दोन.

“मग पोराला तसं लिहा की खाली. नुसत्या आकड्यावरून त्याला काय कळणार?”

मॅडमनी झेरॉक्सच्या खाली लिहिले: ‘काकांचा ऊस आठवल्यावर तुझे मत बदलले. तिथेच तसे लिही. लिहायच्या आधी दोन मिनिटे कच्च्या पानावर दोन्ही बाजूंची कारणे मांडून बघ.’

“आणि पुढच्या आठवड्यात हाच विषय परत द्या,” सर म्हणाले.

“हाच? पाठ करून येईल तो. नवा देते.”

“नवा दिलात तर तुमचं वाक्य त्याला समजलं की नाही ते कसं कळणार?”

“आणि जुना दिला तर तो विचार करतोय की आठवतोय ते कसं कळणार, सर?”

गाडी नांदेडच्या स्थानकात शिरेपर्यंत यावरच चालले होते.